पाण्याविना जलरंग

चहाचा थेंब टेबलावर सांडून तसाच वाळला की मागे उरणारा डाग मध्ये फिका आणि कडेला गडद असतो. हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण असं का होतं हे फारसं कुणी विचारत नाही. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या डागाबद्दल हा प्रश्न विचारला आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत त्याचं उत्तर छापून आलं. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते. वाळताना ती आत सरकत नाही. कडेला द्रवाचा थर पातळ असतो, त्यामुळे तिथलं पाणी भराभर उडून जातं. ती तूट भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि जाताना बारीक कण सोबत नेतं. पाणी उडतं, कण कडेला साचतात.

त्याच वर्षी, दोनच महिने आधी, लॉस एंजेलिसमध्ये ‘सिग्राफ’ ही संगणकीय चित्रणाची मोठी परिषद भरली होती. तिथे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅसिडी कर्टिस यांनी चार सहकाऱ्यांसह लिहिलेला एक शोधनिबंध मांडला गेला आणि अगदी तशीच गडद कड संगणकाच्या पडद्यावर उमटलेली लोकांनी पाहिली. या मंडळींना डागाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना जलरंग हवा होता.

जलरंगात काम केलेल्या प्रत्येकाला ही कड ठाऊक असते. कोरड्या कागदावर मारलेला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, वाळतो तेव्हा त्याच्या हद्दीवर आपोआप एक बारीक गडद रेघ उठते. चित्रकार ती काढत नाही, पाणी काढतं. अल्ट्रामरीन निळा कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतो आणि आभाळाला रवाळ पोत येतो, तेही पाण्याचंच काम. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याचा जास्तीचा थेंब पडला की फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा आकार फुलतो, तेही. जलरंगाचं अर्धं देखणेपण अशा गोष्टींत असतं, ज्या हात करत नाही, माध्यम करतं. म्हणूनच संगणकावर जलरंगाची नक्कल करणाऱ्यांना एक धडा फार लवकर मिळाला. जलरंगाचं दिसणं उचलून चालत नाही, त्याचं वागणं उचलावं लागतं.

कर्टिस यांच्या गटाने कागदाकडे तीन थर म्हणून पाहिलं. वरच्या थरात पाणी कागदावरून वाहतं. तिथे उथळ पाण्याच्या प्रवाहाची गणितं लागू होतात, नदीच्या पुराचा अंदाज बांधायला वापरतात त्याच जातीची. मधल्या थरात रंगद्रव्य पाण्यातून कागदावर बसतं आणि कागदावरून पुन्हा पाण्यात उठतं. प्रत्येक रंगाचा स्वभाव इथे वेगळा. कुणी जड असतो, कुणी दाणेदार, तर थॅलो निळ्यासारखा बारीक कणांचा रंग एकदा कागदाला लागला की सहसा सोडत नाही. तळचा थर कागदाच्या धाग्यांत झिरपलेल्या ओलीचा. ही ओल वरचा रंग वाळू लागल्यावरही आतल्या आत पसरत राहते आणि मघाचं ते फुलकोबीचं फूल तिच्यामुळेच उमलतं. कागदाचे उंचसखल दाणेही आकड्यांत बांधलेले होते. हे सगळं क्षणाक्षणाला मोजत जायचं, तर तेव्हाच्या संगणकाला एकेका चित्राला तास लागत. रंग लावून वाट बघत बसावी लागे. पण निकाल असा होता की छापील पानावर पाहताना तो कागदावरचाच जलरंग वाटावा.

इथवर यायला जवळपास पाव शतक लागलं होतं. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी ‘सुपरपेंट’ चालू केलं. पडद्यावर रंग लावता येणाऱ्या अगदी पहिल्या यंत्रणांपैकी ती एक. १९८१ मध्ये ब्रिटनच्या क्वांटेल कंपनीचा ‘पेंटबॉक्स’ आला आणि दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंत शिरला. १९८४ मध्ये मॅकिंटॉशबरोबर बिल ॲटकिन्सन यांचा ‘मॅकपेंट’ घरात पोचला, तोही निव्वळ काळ्या-पांढऱ्यात.

या काळातला पडद्यावरचा ब्रश मूळचा एक शिक्का होता. एक छोटा गोल आकार घ्यायचा आणि हात जाईल त्या वाटेवर तो इतक्या जवळजवळ उमटवत जायचा की ठिपक्यांची अखंड रेघ दिसावी. शिक्क्याची कड मऊ केली की एअरब्रशसारखा फवारा मिळतो, शिक्का खरबरीत केला की खडूसारखी रेघ. आजच्या बहुतेक चित्रकला-ॲप्सच्या तळाशी हीच युक्ती आहे आणि ती कमी दर्जाची मानायचं काही कारण नाही. मात्र शिक्क्याला केस नसतात, तो रंगात बुडत नाही आणि बुडाला नाही म्हणून सुकतही नाही.

केस देण्याचं काम १९८६ मध्ये एमआयटीतल्या स्टीव्ह स्ट्रासमान यांनी केलं. त्यांच्यासमोर जपानी ‘सुमी-ए’ शैली होती: काळी शाई, एकच कुंचला, मोजके फटकारे. त्यांनी चित्र काढण्याच्या क्रियेचे चार भाग पाडले: कुंचला, फटकारा, शाईत बुडवणं आणि कागद. कुंचला म्हणजे केसांची रांग, आणि प्रत्येक केसात किती शाई उरली आहे याची स्वतंत्र नोंद. फटकारा पुढे जातो तशी कडेच्या केसांतली शाई आधी संपते, रेघ फुटू लागते आणि तिच्यात पांढऱ्या चिरा दिसू लागतात. कोरड्या कुंचल्याचा तो फाटका, घासलेला शेवट कुणी सजवलेला नव्हता. शाई संपल्याचा तो हिशेब होता. या कामाचं महत्त्व मोठं आहे, कारण ‘किती रंग उरला’ हा प्रश्न संगणकाला इतक्या नेटकेपणाने क्वचितच कुणी आधी विचारला होता.

मग हा ओघ वाढला. १९९१ मध्ये एमआयटीतच डेव्हिड स्मॉल यांनी ‘कनेक्शन मशीन’ या हजारो प्रक्रियक एकाच वेळी चालवणाऱ्या संगणकावर जलरंगाचं पसरणं आणि कागदाच्या धाग्यांनी पाणी शोषून घेणं मांडून पाहिलं. त्याच सुमारास ग्लासगो विद्यापीठात ट्यूनडे कॉकशॉट यांनी ओल्या, चिकट रंगाचं प्रारूप बांधलं. त्यात रंगाला वजन होतं. पडद्यावरचा ‘कागद’ उभा धरला की रंगाचे ओघळ खाली यायचे.

हे सगळं प्रयोगशाळेतलं. चित्रकाराच्या टेबलावर पहिल्यांदा जे आलं ते ‘पेंटर’. मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांनी उभ्या केलेल्या फ्रॅक्टल डिझाइन या कंपनीने १९९१ मध्ये ते बाजारात आणलं, आणि तेही रंगाच्या खऱ्याखुऱ्या पत्र्याच्या डब्यात घालून. डबा ही जाहिरात होती, पण आतल्या मालाबद्दल तो खोटं बोलत नव्हता. ‘पेंटर’ची मुख्य करामत ब्रशपेक्षा कागदात होती. प्रत्येक कागदाचे उंचवटे आणि खळगे एका नकाशात साठवलेले असत. पेन हलकं टेकवलं की रंग फक्त उंचवट्यांना लागे, दाबलं की खळग्यांतही उतरे. पेन्सिल, कोळसा, क्रेयॉन, खडू यांची ओळख पटते ती याच गोष्टीवरून: कागदाचे दाणे रेघेतून किती दिसतात आणि हाताच्या दाबाने किती बुजतात. एवढं एक तत्त्व बरोबर साधल्यावर कोरड्या माध्यमांचं निम्मं काम झालं. २००० मध्ये ‘पेंटर’ कोरेल कंपनीकडे गेलं.

दाबाचं हे गणित माउसवर चालत नाही. माउसला दाब कळतच नाही. त्याला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ ठाऊक. त्यामुळे या कथेत जपानच्या वॅकॉम कंपनीला चित्रकारांइतकंच स्थान द्यावं लागतं. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने बिनतारी आणि बिनबॅटरीचं पेन आणि ते ज्यावर चालवायचं ती पाटी बनवली. पाटीच्या आत तारांची जाळी असते, ती विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करते. पेनातलं वेटोळं त्यातूनच ऊर्जा घेतं आणि उलट संकेत पाठवतं. त्या संकेतावरून पेनाचं टोक कुठे आहे, ते किती दाबलंय आणि पेन कुठे कललंय हे पाटीला समजतं. १९९८ च्या ‘इंट्युओस’ला दाबाच्या १,०२४ पायऱ्या कळत होत्या, २०१७ च्या ‘इंट्युओस प्रो’ला ८,१९२. इतक्या पायऱ्या बोटांना वेगवेगळ्या जाणवत नाहीत हे खरं. पण रेघ कुठेही जिन्यासारखी तुटत नाही, हा त्यांचा फायदा. २०१५ मध्ये ॲपलची पेन्सिल आली आणि चित्र जिथे दिसतं त्याच काचेवर दाब ओळखणाऱ्या पेनाने काढणं आणखी सोपं झालं. नजर पडद्यावर आणि हात खाली पाटीवर ही ओढाताण त्यामुळे अनेकांची संपली.

रंग मिसळण्याचा प्रश्न मात्र आश्चर्य वाटावं इतका लांबला.

चौथीतल्या मुलाला ठाऊक असतं की निळ्यात पिवळा घातला की हिरवा होतो. संगणकाला कित्येक दशकं हे धड जमत नव्हतं. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन आकड्यांनी लिहितात. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५ आणि शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळायचे म्हणून सरळ सरासरी काढली, तर तिन्ही जागी सुमारे १२७ येतात. हा रंग राखाडी. डिजिटल चित्रांत दोन रंग जिथे भेटतात तिथे मळकटपणा दिसतो, तो बऱ्याचदा या सरासरीचा दोष असतो.

खऱ्या रंगद्रव्यांत सरासरी होत नाही, वजाबाकी होते. निळं द्रव्य लाल आणि पिवळा प्रकाश गिळतं, निळ्याबरोबर थोडा हिरवा परत पाठवतं. पिवळं द्रव्य निळा गिळतं. हिरवा, पिवळा, लाल परत पाठवतं. दोघांच्या तावडीतून सुटतो तो फक्त हिरवा. रंगाचा थर प्रकाश किती शोषतो आणि किती विखुरतो यावरून तो कसा दिसेल हे काढण्याचं सूत्र पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ मध्येच दिलं होतं. रंग आणि कागद बनवणारे कारखाने ते वर्षानुवर्षं वापरत आले. कर्टिस यांच्या गटाने एकावर एक दिलेले पातळ वॉश दाखवायला तेच सूत्र घेतलं होतं. अडचण अशी की त्यासाठी प्रत्येक रंगामागे कितीतरी आकडे सांभाळावे लागतात, आणि चित्रकलेची सगळी सॉफ्टवेअर तीन आकड्यांवर उभी.

तोड निघाली २०२१ मध्ये. प्रागच्या तंत्रविद्यापीठातल्या शार्का सोखोरोव्हा आणि ओंद्रेय यामरिश्का यांनी ‘मिक्सबॉक्स’ ही पद्धत मांडली. पडद्यावरचा कोणताही रंग घ्यायचा आणि थॅलो निळा, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, हान्सा पिवळा व टायटॅनियम पांढरा या चार खऱ्या द्रव्यांच्या कोणत्या प्रमाणातून तो बनला असता हे शोधायचं. जो अंश या चौघांतून बनत नाही तो बाजूला जपून ठेवायचा. मिश्रण द्रव्यांच्या पातळीवर करायचं, मग परत तीन आकड्यांत यायचं आणि जपलेला अंश मिळवायचा. हे सगळं इतक्या वेगाने होतं की हाताला थांबावं लागत नाही. स्लोव्हाकियातल्या एस्केप मोशन्स कंपनीच्या ‘रिबेल’ या सॉफ्टवेअरने ही पद्धत लगेच उचलली. तिथे आता निळ्यात पिवळा घातला की पानासारखा हिरवा मिळतो, आणि निळ्यात पांढरा मिसळला तर तो नुसता फिका न होता त्याचा लपलेला झळाळ वर येतो.

जलरंगाहूनही अवघड होती चिनी शाई. तिचा कागद शोषक. पाश्चात्त्य जलरंगाच्या कागदाला असते तशी सरसाची खळ त्याला सहसा नसते. कुंचला टेकताक्षणी शाई धाग्यांत शिरते आणि तिच्या कडेला पिसांसारख्या फांद्या फुटतात. हाँगकाँगच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात नेल्सन चू आणि च्यू-लान ताई यांनी २००५ मध्ये ‘मो-शी’ नावाची पद्धत दिली ती या शाईसाठी. कागदाची बारीक चौकटींत विभागणी करायची, प्रत्येक चौकटीतलं पाणी क्षणाक्षणाला शेजारच्या चौकटींत किती जातं एवढंच पाहायचं, आणि कागदाचे धागे जिथे दाट तिथे त्यातलं काही पाणी परत फिरवायचं. मोठं समीकरण एकदम सोडवण्याऐवजी लाखो लहान हिशेब एकाच वेळी मांडायचे, आणि हे काम ग्राफिक्स कार्डाच्या हातचं. त्यामुळे जे कर्टिस यांना तास लावून मिळत होतं ते इथे हात हलता हलता दिसू लागलं. चू पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात ‘गुस्ताव’ या प्रकल्पावर होते आणि नंतर त्यांनी ‘एक्सप्रेसी’ हे स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं. या कामाची ताकद तिथेच आहे: शाईच्या कडेला फांद्या का फुटतात याचं कुतूहल आणि त्या फुटलेल्या पाहण्याचा आनंद, दोन्ही एका माणसात असावे लागतात.

तैलरंगाची वाट निराळी. तिथे पाण्याचं वाहणं कमी, पण रंगाला जाडी असते, त्यावर केसांचे चर उमटतात आणि खिडकीतला उजेड त्या चरांवर चमकतो. न्यूझीलंडच्या ‘आर्टरेज’ने रंगाची उंची नोंदवून त्यावर प्रकाश टाकण्याची सोपी युक्ती सामान्य लोकांपर्यंत नेली. त्याआधी २००१ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या विल्यम बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी त्याहून पुढची उडी मारली होती: त्यांचा कुंचला एका यांत्रिक भुजेला जोडलेला होता आणि पडद्यावरचे केस कॅनव्हासवर वाकले की ती भुजा चित्रकाराच्या हाताला उलट जोर देई. हे यंत्र महाग, म्हणून ते घरोघरी गेलं नाही. पण कुंचल्याचा हाताला होणारा विरोध हाही माध्यमाचा भाग आहे, हे त्या प्रयोगाने ठसवलं. गुळगुळीत काचेवर रेखाटणाऱ्यांची आजची मुख्य तक्रार तीच आहे, आणि कागदासारखा खरबरीत पापुद्रा काचेवर चिकटवून ते तिच्यावर उपाय करतात.

आज या क्षेत्रात दोन घराणी नांदतात. एक, वर सांगितलेलं: पाणी, कण, केस यांचं भौतिकशास्त्र सांभाळणारं. ‘रिबेल’मध्ये कॅनव्हास कलता करून ओघळ वळवता येतात, ओल्या रंगावर फुंकर मारता येते, एखादा थर तेवढा वाळवता येतो. दुसरं घराणं म्हणतं, इतका हिशेब कशाला? खऱ्या कागदावर खऱ्या रंगाचे फटकारे मारा, ते स्कॅन करा आणि त्यांचेच शिक्के बनवा. टास्मानियातल्या होबार्टमध्ये तयार होणारं, २०११ पासूनचं ‘प्रोक्रिएट’ आणि ‘फोटोशॉप’चे असंख्य ब्रश या पद्धतीने चालतात. काइल वेबस्टर या चित्रकाराने असे ब्रश इतके चांगले बनवले की २०१७ मध्ये ॲडोबीने ते सगळेच विकत घेतले. दोन वर्षांनी त्याच कंपनीने ‘फ्रेस्को’ काढलं, ज्यात शिक्क्यांचे ब्रश आणि खरोखर पसरणारे जलरंग शेजारीशेजारी ठेवलेत.

छापलेलं चित्र पाहून कोणतं घराणं वापरलंय हे ओळखणं तज्ज्ञालाही जड जातं. फरक काढणाऱ्याला पडतो. शिक्क्याचा ब्रश सांगितलं तेवढंच करतो. त्याच्या कडेची गडद रेघ दर वेळी तीच. पसरणाऱ्या रंगात चित्रकाराला थांबावं लागतं, ओल पाहावी लागते, कधी रंग कुठे जातो ते स्वीकारून बेत बदलावा लागतो. घाईच्या व्यावसायिक कामाला शिक्का उत्तम. पण जलरंगाचा विचार शिकायचा असेल तर पसरणारा रंगच हवा. तिथेच निर्णय घेण्याची सवय लागते.

ॲनिमेशनपटांनी ही नक्कल एका वेगळ्याच कारणासाठी हाती घेतली. सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर, रंगवलेली पात्रं सपाट रंगाचीच असत. हजारो सेलवर जलरंगाचा एकसारखा वॉश देणं अशक्य. स्टुडिओ जिब्लीचे इसाओ ताकाहाता यांना व्यंगचित्रपट्टीचं हलकं, अर्धवट सोडलेलं रेखाटन आणि फिके जलरंग पडद्यावर हलते हवे होते. त्यासाठी ‘माय नेबर्स द यामादाज’ (१९९९) हा स्टुडिओचा पहिला संपूर्ण डिजिटल चित्रपट झाला. हातकामाच्या सर्वांत जवळचं रूप मिळवण्यासाठी संगणकाकडे जावं लागलं. त्याच वर्षी डिस्नेच्या ‘टार्झन’मध्ये ‘डीप कॅनव्हास’ हे तंत्र आलं. चित्रकाराने मारलेला प्रत्येक फटकारा संगणक नोंदवून ठेवी आणि त्रिमितीतल्या झाडांवर पुन्हा मारून दाखवी. म्हणून टार्झन फांद्यांवरून घसरत जातो तेव्हा कॅमेरा रंगवलेल्या जंगलातून धावताना दिसतो.

नक्कल नाकारणारे चित्रकारही आहेत, आणि त्यांच्यात सर्वांत ठळक नाव डेव्हिड हॉकनी यांचं. बीबीसीच्या एका मालिकेसाठी त्यांनी १९८० च्या दशकातच क्वांटेल पेंटबॉक्स हाताळला होता. २००९ च्या सुमारास ते आयफोनवर बोटाने फुलं रंगवू लागले, २०१० पासून आयपॅडवर. यॉर्कशरमधल्या वोल्डगेट रस्त्यावर २०११ चा वसंत कसा आला याची त्यांची ५१ आयपॅड-चित्रं मोठ्या आकारात छापून लंडनच्या रॉयल अकादमीत २०१२ मध्ये लागली. त्यांत जलरंगाचा आव नाही. सपाट, झगझगीत, पडद्याच्या प्रकाशातून आलेले रंग आणि यंत्राच्या रेघेचा न लपवलेला गुळगुळीतपणा. हॉकनी यांनी पडद्याला कागद व्हायला सांगितलंच नाही. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण हॉकनी यांची वाट दाखवून नक्कल करणाऱ्यांना कमी लेखणं चुकीचं आहे. तैलरंगाचा जाड थर, कोळशाची धूळ, शाईची फांदी ही शतकानुशतकं कमावलेली दृश्य भाषा आहे. नवं साधन आलं म्हणून ती टाकून द्यावी असं कुणी का म्हणावं?

इतकं सगळं साधूनही एक गोष्ट पडद्यावर येत नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याची छापील प्रत पाहून लोक ते राजा रविवर्म्यांचं तैलचित्र समजतात. ते जलरंगातलं आहे. दिव्याच्या ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड जलरंगात आणायचा म्हणजे कागदाचा मूळचा पांढरेपणा राखत राखत काम करायचं. दालनातला प्रकाश पारदर्शक रंगातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच रंगातून पुन्हा बाहेर येतो. एकाच थराने तो दोनदा गाळलेला असतो. पडद्यातून प्रकाश एकदाच येतो, थेट डोळ्यात. गणित दोनदा गाळल्याचा रंग अचूक काढून देतं, पण दालनातला दिवा बदलला किंवा पाहणारा दोन पावलं बाजूला सरकला तरी पडद्यावरचं चित्र त्याची दखल घेत नाही. शिवाय चुकलेला फटकारा डिजिटल चित्रात एका खुणेने मागे घेता येतो. हळदणकरांना ती सोय नव्हती, आणि त्या चित्रापुढे उभं राहिलं की धास्तावल्यासारखं होतं ते बरंचसं त्यामुळे.

म्हणून पडद्यावरच्या जलरंगाला खोटा जलरंग म्हणणंही चूक आणि तो जलरंगच आहे म्हणणंही चूक. ते एक स्वतंत्र माध्यम आहे. जुन्या माध्यमांचं ज्ञान त्याने गणितातून मिळवलंय आणि त्यात हात चालवणाऱ्याला रेखाटन, छटा, रचना हे सगळं तितकंच यावं लागतं. फोटोला ‘वॉटरकलर’ची छटा देणारं फिल्टर किंवा चार शब्द टाइप केल्यावर जलरंगासारखं चित्र काढून देणारं यंत्र यांचा या कामाशी संबंध फक्त दिसण्यापुरता आहे. तिथे फटकारा मारणारा हात नाही, आणि कुठे थांबायचं हे ठरवणारंही कुणी नाही. स्ट्रासमान, चू यांनी जे बांधलं ते हातासाठी बांधलं होतं.

शिकणाऱ्यासाठी आज दारं उघडी आहेत. ‘क्रिता’ हे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलेलं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि साध्या संगणकावर चालतं. एक छोटी पेन-पाटी जोडली की सुरुवात होते. मात्र त्यातल्या ओल, दाणा, पसरण अशा पट्ट्या सरकवण्याआधी खऱ्या कागदावर, खऱ्या पाण्याने काही वॉश मारून पाहावेत. कोणती पट्टी कशासाठी आहे ते कागद एका दुपारी सांगतो.

आणि एक मागणं मासिकांच्या संपादकांकडे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठं छापली जात तेव्हा मूळ चित्र कागदावर असणार हे गृहीत होतं. आता अंकातलं चित्र जलरंगाचं आहे, पडद्यावर हाताने काढलेलं आहे की यंत्राकडून काढून घेतलेलं आहे, हे वाचकाला पाहून समजत नाही. प्रदर्शनात चित्राखाली ‘कागदावर जलरंग’ किंवा ‘कॅनव्हासवर तैलरंग’ असं लिहिण्याची जुनी पद्धत आहे. तीच दिवाळी अंकांनी आणि मासिकांनी घ्यावी आणि श्रेयनामावलीत चित्रकाराच्या नावाशेजारी माध्यमही छापावं.